‘संभोग’ म्हणजे ‘समान भोग’ नव्हे

‘सम अधिक भोग म्हणजे संभोग, दोघांना समान सुख मिळालं तरच तो संभोग’ ही व्युत्पत्ती वर्षानुवर्षं फिरते आहे. भावना सुंदर, मलाही पटणारी. पण व्याकरण चुकीचं. ‘सम’ असता तर शब्द ‘समभोग’ झाला असता. इथे ‘सम्’ हा उपसर्ग आहे, ‘संवाद’, ‘संगम’ यांतला: एकत्र, पूर्णपणे. ‘भोग’ आला ‘भुज्’ धातूपासून: उपभोगणे.

मुळात हा शब्द फक्त शरीरसंबंधाचा नव्हताच. मनुस्मृतीत (८.२००) ‘संभोग’ म्हणजे मालमत्तेची वहिवाट, मालकी ठरवताना ती नव्हे, तर ‘आगम’, म्हणजे हक्काचं मूळ, प्रमाण मानलं आहे. महायान या बौद्ध पंथात बुद्धाच्या तीन कायांपैकी, म्हणजे शरीररूपांपैकी, एक ‘संभोगकाय’. काव्यशास्त्रात मीलनाचा तो ‘संभोगशृंगार’, विरहाचा ‘विप्रलंभ’. मराठीत मात्र अर्थ आक्रसून शरीरसंबंधापुरता उरला. दोघांना समान सुख मिळायला हवंच, पण त्याला खोट्या व्युत्पत्तीचा आधार कशाला?