पाडव्याच्या आदल्या रात्री डोक्यावरच्या दीर्घिका

दुर्बिणीला कॅमेरा जोडला की बहुतेकांचा पहिला नेम देवयानी दीर्घिकेवर असतो, आणि ते योग्यच आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक अवाढव्य कुटुंब. देवयानी 25 लाख प्रकाशवर्षांवर (प्रकाश एका वर्षात जातो तेवढं अंतर म्हणजे प्रकाशवर्ष), म्हणजे विश्वाच्या हिशेबात शेजारीच, आणि फोटोत तिची लांबी पूर्ण चंद्राच्या पाच-सहापट भरते. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या हौशी लोकांनी थंडीत देवयानी टिपून दुर्बीण झाकून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्यासाठी सर्वांत मोठा खजिना फाल्गुन-चैत्रात वर येतो.

याचं कारण आपला अक्षांश. बेळगाव 16 अंश उत्तरेच्या किंचित खाली आहे. कन्या राशीतला दीर्घिकांचा प्रचंड समूह खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या, साधारण 12 अंश उत्तरेला आहे. म्हणजे आपल्याकडे तो बरोबर डोक्यावरून जातो, खमध्यापासून, म्हणजे आकाशातल्या थेट माथ्यावरच्या बिंदूपासून, चारेक अंशांवरून. मार्चच्या शेवटी ही वेळ येते रात्री साडेबारा-पाऊणला. त्यात पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, त्यामुळे आदल्या रात्री चंद्राची अडचणच नाही. लंडनहून हाच समूह जास्तीत जास्त 51 अंशांपर्यंत चढतो. डोक्यावरून येणारा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो. 30 अंश उंचीवरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला दुप्पट हवा ओलांडावी लागते. गाळप हंगामात आणि त्यानंतरही शेतातलं पाचट पेटतं, त्याचा धूर क्षितिजालगत साचून राहतो. अशा वेळी डोक्यावरचं आकाश मिळणं फार मोलाचं.

या समूहात हजाराहून जास्त दीर्घिका आहेत, अंतर सुमारे 5.4 कोटी प्रकाशवर्षं. 750 मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतच्या अंतराच्या) सहा इंची दुर्बिणीला साधा डीएसएलआर लावला, तर एम84 आणि एम86पासून सुरू होणारी दीर्घिकांची वळणदार रांग एकाच चौकटीत मावते (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक). त्यातली एम86 सेकंदाला 200 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने आपल्या दिशेने येते आहे. विश्व प्रसरण पावत असताना हे विचित्र वाटेल, पण समूहाच्या गुरुत्वाकर्षणात गरगर फिरणाऱ्या दीर्घिकांपैकी काहींचा रोख आपल्याकडे असतोच. जवळच एम87 आहे, जिच्या केंद्रातल्या कृष्णविवराची प्रतिमा 10 एप्रिल 2019 रोजी प्रसिद्ध झाली. त्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 650 कोटी पट आहे.

तिथून निघालेला प्रकाश वाटेला लागला, तेव्हा भारताचा भूभाग आशियाला भिडण्याच्या सुमारास होता. निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीखालचा कातळ मात्र त्याआधीच थंड झालेला होता. दख्खनचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. आपण त्या कातळावर तिपाई रोवतो आणि त्याच्यापेक्षा वयाने लहान असलेला प्रकाश पकडतो. मला या गोष्टीचं नवल अजून सरत नाही.

आता हा प्रकाश पकडायचा कसा? पृथ्वी फिरते, त्यामुळे वर सांगितलेल्या दुर्बिणीत तारा एका सेकंदात सेन्सरवर तेरा-चौदा पिक्सेल सरकतो. त्याला धरून ठेवायला दुर्बीण उलट दिशेने हळूहळू फिरवणारा मोटरचा माउंट लागतो, आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. इथे आपला अक्षांश आडवा येतो. ध्रुवतारा आपल्याला क्षितिजापासून जेमतेम 16 अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण 10 अंश, म्हणजे दीड मूठ. बांधावरचं एक आंब्याचं झाड त्याला झाकायला पुरेसं आहे. म्हणून जागा निवडताना आधी उत्तरेकडे पाहावं, मग बाकी सगळं.

दोन मिनिटांचं एक एक्सपोजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर नवख्या माणसाची निराशा होते. मातकट करडी पार्श्वभूमी, तारे, आणि मध्ये काही पुसट ठिपके, ज्यांच्या कडा ताऱ्यांसारख्या टोकदार नाहीत. दीर्घिका आहेत त्या, पण कॅमेऱ्याच्या दाणेदार गोंगाटात बुडालेल्या. असे 64 फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचले की हा गोंगाट दीर्घिकेच्या तुलनेत आठपट कमी होतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. भजनात प्रत्येकाचा सूर वेगवेगळ्या जागी हलतो, चाल मात्र सगळ्यांची एक असते, म्हणून चाल ठसठशीत ऐकू येते, तसंच हे. एम86च्या भोवतीचं फिकट तेजोवलय, शेजारच्या दीर्घिकेची ओढली गेलेली शेपटी, हे सगळं या रचनेतूनच वर येतं. झाकण लावून घेतलेले काळे फोटो आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटोही हवेत. पहिल्यांनी सेन्सरचे दोष वजा होतात, दुसऱ्यांनी सेन्सरसमोरच्या धुळीचे डाग. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

जागेबद्दल एक सांगतो. जांबोटी-कणकुंबीकडे आकाश काळंभोर मिळतं, तरी अभयारण्याच्या हद्दीत रात्री जाऊ नये. गवे आणि अस्वलं तिथली राहणारी आहेत. गावालगत ओळखीच्या माणसाचं शेत बघावं, त्यांना आधी सांगावं. चोर्ल्याच्या रस्त्यापासून आत असावं, नाहीतर गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे प्रत्येक फ्रेम खराब करतात. घाटमाथ्यावर पहाटे दव पडू शकतं, तेव्हा दुर्बिणीच्या तोंडाशी गरम पट्टी असलेली बरी.

आणि मूळ फाइली पुसू नयेत, घड्याळाची वेळ अचूक ठेवावी. देवयानीची सर्पिल रचना 1888 साली पहिल्यांदा फोटोवर आणली ती आयझॅक रॉबर्ट्स यांनी; ते व्यवसायाने बांधकाम करणारे होते. 19 मे 2023 रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम101 दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी प्रखर झालेला तारा, सापडला, आणि त्याआधीच्या काही तासांत तीच दीर्घिका टिपलेल्या हौशी लोकांच्या फोटोंतून स्फोटाची सुरुवात तपासता आली. एम101 सप्तर्षीत आहे, आपल्याकडे 50 अंशांच्या वर चढते.

पाडव्यानंतर आठवडाभरात चंद्र त्रास देऊ लागतो. पुढची काळोखी रात्र चैत्र अमावास्येची. तोवर कन्येतला समूह रोज चार मिनिटं लवकर येत साडेदहाच्या आसपास माथ्यावर आलेला असतो, म्हणजे जागरणही कमी. त्यानंतर वळवाचे ढग जमू लागतात आणि मग थेट पावसाळा, म्हणून या दोन अमावास्यांची तयारी माघातच सुरू करावी.