शून्य नायट्रेटचा हट्ट कुठून आला

घरी प्रवाळ वाढवण्यासाठी ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट हे क्षार किती असावेत, याचं उत्तर गेल्या साठेक वर्षांत अनेकदा बदललं आहे. नवशिक्याला आज एक जण ‘शून्यावर आण’ म्हणतो, दुसरा ‘थोडं राहू दे’ म्हणतो. हे दोन सल्ले दोन वेगळ्या काळांतले आहेत.

उष्ण समुद्रातल्या प्रवाळभित्तींवरचं पाणी नितळ असतं आणि त्यात हे दोन्ही क्षार जेमतेम सापडतात. तरीही तिथे जीवसृष्टी दाटीने नांदते. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवून प्रवाळाला देतं आणि प्रवाळाने टाकलेलं नायट्रोजन-फॉस्फरस स्वतः वापरतं. शिवाय प्रवाळ पाण्यातले बारीक जीव पकडून खातो, हेही विसरू नये. टाकीत मात्र रोज खाद्य पडतं आणि क्षार साचत जातात.

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी टाकी सांभाळण्याची आपली पद्धत जगासमोर मांडली: समुद्रातला जिवंत खडक (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला खडक), सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स. पण बाकी जगात बराच काळ रेतीखालच्या फिल्टरचंच राज्य होतं. त्यातले जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्रेट करत आणि ते नायट्रेट तसंच वाढत राही. मासे तगत, प्रवाळ मरत. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे लोकप्रिय झालेल्या ठिबकत्या फिल्टरलाही हे कोडं सुटलं नाही.

ते सोडवलं जर्मन छांदिष्टांनी, आणि या सगळ्या इतिहासातला हाच टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या रीतीत भरपूर जिवंत खडक, प्रखर दिवे, चुन्याची निवळी आणि दमदार प्रोटीन स्किमर असे. स्किमरमध्ये बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि ती कुजून अमोनिया होण्याआधीच फेसाबरोबर बाहेर पडते. खडकाच्या आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या छिद्रांतले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. अशा टाक्यांत अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक दगडी प्रवाळ नुसते जगले नाहीत, तर वाढले.

फॉस्फेटला अशी वायूची वाट नाही. त्याची धास्तीही निराधार नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या वन ट्री बेटावर किन्सी आणि डेव्हिस या संशोधकांनी प्रवाळभित्तीच्या एका भागात नायट्रोजन व फॉस्फरस वाढवून पाहिलं. १९७९ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा घडण्याचा वेग निम्म्याहून खाली आला होता. त्यात टाकीतल्या फॉस्फेटवर केसाळ शेवाळ माजतं, ते वेगळंच. मग फॉस्फेट धरून ठेवणारी लोहयुक्त गाळणद्रव्यं आली, आणि २००० नंतर जिवाणूंना कार्बन पुरवण्यासाठी चक्क व्होडकाचे थेंब टाकीत पडू लागले. जिवाणू वाढताना क्षार शोषतात, मग स्किमर त्यांनाच उपसून काढतो. टेस्ट किट शून्य दाखवू लागलं आणि तेच ध्येय होऊन बसलं.

त्या शून्याने नवी दुखणी आणली. रंग फिके पडले, ऊती विरल्या, मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर पसरू लागला. २०१३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या यॉर्ग विडेनमान यांच्या गटाने दाखवून दिलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरं अशा पाण्यात झूझँथेलीची फॉस्फरसविना उपासमार होते. मग प्रवाळ उष्णता आणि प्रकाशापुढे लवकर हार मानतो व पांढरा पडतो. म्हणजे एकट्या आकड्याइतकंच दोन क्षारांमधलं प्रमाणही महत्त्वाचं.

म्हणूनच आता अनेक जण लिटरमागे नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि फार घसरलं तर बाटलीतून नायट्रेट घालतातही. चढलेलं फॉस्फेट मात्र हळूहळू उतरवावं, कारण एकदम झालेली घट प्रवाळाला मानवत नाही. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून ते उचलून घरच्या टाकीत ठेवणं हा गुन्हा आहे.