स्पीड स्केटिंग : वय आणि पायांची शक्ती

बर्फावरील स्पीड स्केटिंगमध्ये खेळाडूचे पाय ठरावीक वेळात किती काम करू शकतात आणि ही क्षमता वयानुसार कशी बदलते, याचा विचार या नोंदीत केला आहे. येथे ‘शक्ती’ हा शब्द पदार्थविज्ञानातील अर्थाने, म्हणजे दर सेकंदाला होणारे काम या अर्थाने घेतला असून ती वॅटमध्ये मोजतात. नुसता जोर म्हणजे शक्ती नव्हे. जड वजन सावकाश उचलणाऱ्याकडे जोर असतो, पण बर्फावर तेवढ्याने भागत नाही.

धावताना पाय जमिनीला मागे रेटतो. स्केटचे पाते मात्र पुढे घसरत असते, त्यामुळे मागे रेटायला आधारच मिळत नाही आणि रेटा बाजूला द्यावा लागतो. खेळाडू कंबरेत वाकून, गुडघे जवळजवळ काटकोनात मोडून बसल्यासारखा घसरतो, वजन एका पायावर तोलतो आणि मग तो पाय झटक्यात बाजूला सरळ करतो. बैठक जितकी खोल, तितका रेटा लांब आणि हवेचा अडथळा कमी. वेगाने जाताना एकूण विरोधाचा मोठा हिस्सा हवेचाच असतो. या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग १ टक्का वाढवायचा तर त्यासाठी सुमारे ३ टक्के जादा शक्ती हवी. पण खोल बैठकीत मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यांतला रक्तप्रवाह अडतो आणि पाय लवकर भरून येतात. लहान स्केटरची बैठक शेवटच्या फेऱ्यांत वर येते, ती बहुधा आळसाने नव्हे, या कारणाने.

उंची वाढण्याचा सर्वांत मोठा झपाटा मुलींमध्ये १२ व्या आणि मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. पायांची शक्ती त्या सुमारास किंवा थोडी नंतर झपाट्याने वाढते, आणि ही वाढ वजनाच्या वाढीहून जास्त असते. ती कशामुळे, यावर मतभेद आहेत. १९७०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांच्या स्नायूंचे नमुने तपासले गेले. ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेतील फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्यात प्रौढांपेक्षा कमी आढळले. ‘मुलांचे स्नायू रासायनिक दृष्ट्या अपक्व असतात’ हे मत दीर्घकाळ याच आधारावर उभे राहिले. मात्र नमुने थोडे होते, आणि निरोगी मुलांच्या मांडीत सुई घालण्यावर नैतिक मर्यादा असल्याने तशी तपासणी पुढे फारशी झाली नाही. दुसऱ्या मतानुसार मुलांना जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे गट पूर्णपणे कामाला लावता येत नाहीत, म्हणजे उणीव स्नायूपेक्षा चेतासंस्थेची आहे. तिसरे मत स्नायूचा आकार आणि पायाची लांबी यांवर भर देते. आकाराचा वाटा सर्वांत मोठा आणि उरलेला बराचसा चेतासंस्थेचा, हे स्पष्टीकरण आज अधिक पटणारे वाटते.

शक्ती मोजायला इस्राएलमध्ये १९७०च्या दशकात विकसित झालेली विंगेट चाचणी सर्रास वापरतात. शरीरवजनाच्या साधारण ७.५ टक्के भार लावलेल्या स्थिर सायकलवर ३० सेकंद जीव तोडून पेडल मारायचे असतात. पहिल्या काही सेकंदांत आकडा शिखर गाठतो, मग उतरत जातो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले, की अव्वल स्केटरांची हंगामातील प्रगती अशा सायकल चाचण्यांत उमटत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला, तेथीलच संशोधकांचा होतकरू किशोर स्केटरांचा काही वर्षे मागोवा घेणारा अभ्यासही सावधच आहे : लहान वयातील मोजमापांवरून पुढचा विजेता ओळखता येत नाही, असा त्याचा रोख आहे. उलट २०१७ च्या एका अभ्यासात अव्वल खेळाडूंची विंगेट शक्ती आणि १,५०० मी. शर्यतीतील कामगिरी यांचा घट्ट संबंध दिसला. ही दोन मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. तयार खेळाडूंची आपापसांत तुलना करणे वेगळे, आणि वाढत्या वयाच्या मुलाचे भविष्य सांगणे वेगळे. निवडीसाठी किशोरांच्या सायकलवरील आकड्यांवर विसंबणे धोक्याचेच मानावे लागते.

वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना करताना क्लॅप स्केटचाही विचार करावा लागतो. क्लॅप स्केट म्हणजे टाचेकडून सुटणाऱ्या, बिजागरीच्या पात्याचे स्केट; त्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची मानली जाते. आजचे रूप मात्र १९८०च्या दशकापासून ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात खेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ यांच्या पुढाकाराने घडले. जुन्या स्केटमध्ये घोटा मोकळेपणी सरळ करता येत नसे आणि गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच पाते बर्फ सोडत असे. नवे स्केट १९९४–९५ च्या हंगामात स्पर्धेत उतरवले ते डच किशोर खेळाडूंनी. नामवंतांनी ते नंतर स्वीकारले आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. त्याच पायांतून जास्त शक्ती बर्फावर उतरली. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांच्या वेळा शेजारी ठेवून वयाविषयी निष्कर्ष काढता येत नाहीत.

स्फोटक शक्तीचे शिखर सर्वसाधारणपणे विशीत येते. एरिक हायडनने १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या पाचही शर्यतींची सुवर्णपदके जिंकली तेव्हा तो २१ वर्षांचा होता. जॉर्डन स्टोल्झने २०२३ मध्ये ५००, १,००० आणि १,५०० मी.चे विश्वविजेतेपद १८ व्या वर्षीच मिळवले. तिशीनंतर जलद तंतू हळूहळू आक्रसतात आणि शक्ती जोरापेक्षा लवकर घटते. तरी इरेन व्ह्यूस्टने २००६ मध्ये १९ व्या वर्षी ३,००० मी.चे आणि २०२२ मध्ये ३५ व्या वर्षी १,५०० मी.चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. त्याच २०२२ च्या बीजिंग स्पर्धेत ४९ वर्षांची क्लाउडिया पेखश्टाइन ३,००० मी.मध्ये विसावी, म्हणजे शेवटची आली. सामूहिक प्रारंभाच्या शर्यतीत मात्र तिने अंतिम फेरीत नववा क्रमांक मिळवला. या शर्यतीत पुढच्या खेळाडूच्या पाठीशी राहून हवेचा विरोध टाळता येतो.