झिरपणारे काँक्रीट : खडीची निवड

झिरपणारे काँक्रीट : सिमेंट, पाणी आणि बहुधा एकाच मापाची खडी वापरून, वाळू जवळजवळ वगळून केलेले सच्छिद्र काँक्रीट. साधारण १५ ते २५ टक्के भाग एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांचा असल्याने पावसाचे पाणी आरपार उतरते. संपीडन बल (दाब सोसण्याची ताकद) साधारण ३ ते २८ मेगापास्कल इतके असल्याने वापर मुख्यतः पदपथ, वाहनतळ आणि हलक्या रहदारीच्या गल्ल्यांत होतो.

नेहमीच्या काँक्रीटमध्ये मसाला (सिमेंट, वाळू आणि पाण्याचे मिश्रण) खडीला चहूबाजूंनी गाडून टाकतो. इथे सिमेंटचा नुसता लेप असतो आणि दोन खडे जिथे टेकतात तिथेच सांधा जुळतो. सगळा भार या सांध्यांतून उतरतो. म्हणून दगडाच्या कणखरपणापेक्षा टेकण्याच्या जागा किती, याला जास्त महत्त्व. सोलापुरात हे चटकन पटत नाही, कारण इथला काळा पाषाण मुळातच दणकट. चाचणीत फुटलेला ठोकळा हातात घेतला की कळते : खडे बहुधा अख्खे असतात, तुटलेले असतात ते सांधे.

१० मिमी खडीत २० मिमीपेक्षा टेकण्याच्या जागा अधिक मिळतात, त्यामुळे ताकद वाढते. पण छिद्रे बारीक होतात आणि उन्हाळ्यातल्या धुळीने लवकर बुजतात. खडीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के वाळू घातली तरी असेच घडते : बल वाढते, झिरपणे घटते. आकाराचाही परिणाम मोठा. सरासरी मापाच्या ०.६ पटीहून कमी जाडीची चपटी खडी आडवी बसते आणि दाबाखाली मोडते. घनाकार खडी हवी असेल तर क्रशर (दगड फोडून खडी करणारे यंत्र) कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारावे. नुसत्या जबड्याच्या क्रशरमधून चपटे तुकडे जास्त निघतात.

दख्खनच्या लाव्हाथरांत घट्ट दगडाच्या वर बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा ठिसूळ थर असतो. खाणीत दोन्ही एकत्र फुटले की ढिगात हलकी, भोकाभोकांची खडी मिसळते. ती पाणी शोषते आणि कमकुवतही असते. खड्यावरची क्रशरची भुकटी तर लेप आणि दगड यांच्यामध्येच बसते. धुण्याचा कंटाळा इथे फार महाग पडतो.

पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन) ०.२७ ते ०.३४ इतके कमी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार. तापलेली कोरडी खडी लेपातले पाणी ओढून घेते, म्हणून ती आधी भिजवून, वरचे पाणी सुकल्यावर वापरतात. मिश्रणाचा अंदाज हातानेच : मुठीत दाबून गोळा केला तर तो भुसभुशीत होऊन सुटू नये, आणि लेप ओघळून तळहातावर उतरू नये. लेप ओघळला तर तळातली छिद्रे बुजतात.

काळी माती भिजली की फुगते आणि पाणी फारच सावकाश मुरू देते. त्यामुळे अशा जमिनीवर काँक्रीटखाली मोठ्या खडीचा जाड थर आणि पाणी बाहेर काढणारा छिद्रांचा पाइप लागतो. या थरात सांधे नसतात, म्हणून तिथे ४० मिमी खडीही चालते.