एससीपी अचानक का रुसलं: १९८३ पासूनची उधारी

इंदूरला रामबागेतल्या एका सीएंच्या ऑफिसात एक लिनक्सचा डबा, म्हणजे कंप्युटर, आहे, तो रोज रात्री हिशेबाच्या फायली एससीपीने (एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइल कॉपी करणारी कमांड) दुसऱ्या मजल्यावरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवर जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, टाकतो. त्यावरच्या लिनक्सचा, म्हणजे उबुंटू २०.०४ चा, नेहमीचा सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला म्हणून मी एका रविवारी आधी २२.०४ आणि लगेच पुढे २४.०४ चढवलं, कारण मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही. सोमवारी सकाळी पोहे-जिलेबी हातात आणि फोन, "दादा, कालचा बॅकअप आलाच नाही हो." नेटवर्क ठीक, पिंग जातोय, पासवर्डऐवजी लॉगिनला लागणारी की-फाइल तीच, स्क्रिप्ट तीच, आणि तो बारा-तेरा वर्षं जुना नॅस, त्याला तर कोणी बोटही लावलं नव्हतं. गोम नेमकी तिथेच होती.

हे समजायला जरा मागे जावं लागतं. १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आरएसएच, आरलॉगिन आणि आरसीपी असे दूरच्या मशीनवर काम करायचे तीन भाऊ आले. या मशीनवरून त्या मशीनवर फाइल न्यायची तर आरसीपी. भरवसा कशावर, तर समोरच्या मशीनच्या नावावर, तुम्ही अमुक होस्टवरून आलात ना, मग या आत. सगळं वायरवरून उघडं जायचं. आरसीपीचं काम फार साधं होतं, ते पलीकडे शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) उघडून स्वतःचीच दुसरी प्रत चालवायचं आणि मग दोघं आपसात बोलायचे: ही परमिशन, ही साइज, हे नाव, घे. नावात स्टार (म्हणजे 'काहीही चालेल') असेल तर त्यात कुठल्या फायली बसतात ते पलीकडचा शेल ठरवायचा. हा शेल लक्षात ठेवा, पुढे त्यानेच रडवलंय.

१९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरायला स्निफर, म्हणजे वायरवरचं बोलणं चोरून ऐकणारा प्रोग्राम, बसवला, आणि त्या वैतागातून तिथल्या तातू यलोनेनने एसएसएच लिहिलं, म्हणजे दूरच्या मशीनशी एन्क्रिप्ट करून बोलायची सोय. पोर्ट (नेटवर्कवरचा दरवाजा क्रमांक) मिळाला २२, उघड्यावर चालणाऱ्या जुन्या एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या बरोब्बर मधला. सोबत एससीपी आलं, पण ते म्हणजे जुनं आरसीपीच, फक्त एन्क्रिप्शनच्या पाइपातून जाणारं. कुलूप नवीन, घर तेच. मग १९९९ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी जुन्या मोकळ्या लायसन्सच्या कोडवरून ओपनएसएसएच काढलं आणि आज जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये तेच असतं. दरम्यान फायली नेण्यासाठीच एसएफटीपी नावाचा वेगळा, नीट विचार करून बांधलेला प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली भाषा) तयार झाला, त्याचा मसुदा शेवटपर्यंत आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा रीतसर प्रसिद्ध दस्तऐवज, झाला नाही हा भाग वेगळा, पण चालतो झकास. लोकांच्या बोटांना सवय एससीपीची, त्यामुळे ते काही सुटलं नाही.

उधारीचं खातं उघडलं २०१९ मध्ये. एससीपीत असं भोक सापडलं की तुम्ही मागितली एक फाइल आणि बदमाश सर्व्हरने पाठवली दुसरीच, तर क्लायंट निमूटपणे ती लिहून घेऊ शकायचा, कारण आलेलं नाव धड तपासायची पद्धतच आरसीपीपासून नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओपनएसएसएच ८.० काढताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा प्रोटोकॉल जुनाट आहे, सहज दुरुस्त होण्यातला नाही, एसएफटीपी किंवा आरसिंक (फायली नेणारंच दुसरं साधन) वापरा. आपण काय केलं? काहीच नाही, मीसुद्धा नाही. शेवटी एप्रिल २०२२ च्या ९.० मध्ये त्यांनीच एससीपीच्या पोटात एसएफटीपी बसवलं, कमांड तीच पण आतली भाषा बदलली.

दुसरी भानगड सह्यांची. जोडणी करताना दोन्ही मशीन आपापल्या कीने सही करून ओळख पटवतात, आणि त्या सहीत मजकुराचा छोटा ठसा काढायची जुनी पद्धत म्हणजे शा-१. २०१७ मध्ये शा-१ ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फायलींचा एकच ठसा, प्रत्यक्ष करून दाखवली गेली, २०२० पर्यंत तसला हल्ला पन्नास हजार डॉलरच्या आत बसायला लागला, म्हणून सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ मध्ये एसएसएच-आरएसए नावाची सही डिफॉल्टने बंद झाली. इथे भल्याभल्यांचा घोळ होतो. आरएसए (कीचा एक प्रकार) की बाद झालेली नाही, त्या कीने शा-१ वापरून सही करणं बाद झालंय. नव्या शा-२ ठशाची सही ओपनएसएसएच ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून येते, पण आमचा नॅस त्याच्याही आधीचा, त्याला ती कुठून येणार.

म्हणजे एका रविवारात मी दोन्ही खड्ड्यांत पाय घातला. २२.०४ मध्ये ओपनएसएसएच ८.९ येतं, तिथेच सही अडली, आधी नॅसची स्वतःची सही नाकारून "नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड", ते सोडवलं तर आपल्या कीची सही अडून "परमिशन डिनाइड". २४.०४ मध्ये ९.६, म्हणजे एससीपी आता एसएफटीपी बोलणार, आणि नॅसवर ती सेवाच चालू नव्हती, मग "सबसिस्टम रिक्वेस्ट फेल्ड" आणि कनेक्शन क्लोज्ड. कमांडला डॅश आणि तीन व्ही (-vvv) लावून चालवलं की कुठे अडलंय ते दिसतं, आधी ते बघा, लोक उगाच फायरवॉल उघडत बसतात. रेड हॅट ९ या दुसऱ्या लिनक्सवर आणखी एक गंमत, तिथे शा-१ ची सही अख्ख्या सिस्टिमच्या क्रिप्टो पॉलिसीतच (एन्क्रिप्शनच्या एकत्रित नियमांत) बंद आहे, नुसती एसएसएचची कॉन्फिग बदलून भागत नाही.

तो शेल विसरला नाहीत ना? नावात स्पेस असेल तर जुन्या एससीपीत दुहेरी कोट लावावे लागायचे, एक इकडच्या शेलसाठी, एक तिकडच्या. नव्यात तिकडचा शेल मधे येतच नाही, म्हणून आतला कोट नावाचाच भाग धरला जातो आणि फाइल सापडत नाही. उलट एसएफटीपीत तिकडच्या बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) कोणी हौसेने स्वागताची ओळ छापली असेल तर वेगळाच तमाशा. आलेले पहिले चार बाइट म्हणजे पुढच्या पाकिटाची (डेटाच्या तुकड्याची) लांबी असं क्लायंट धरतो, इंग्रजीतल्या वेलकमची पहिली चार अक्षरं आकडा म्हणून वाचली की १४६६२६४६७५ होतात, मग तो १४६ कोटी बाइटांचं पाकीट बघून "मेसेज टू लाँग" म्हणत हात वर करतो.

ऑफिसात मी शेवटी एवढंच केलं, एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका नॅसच्या नावाखाली होस्ट की (नॅसची ओळख) आणि पब्लिक की (आपली ओळख) दोन्हीकडे एसएसएच-आरएसए परत जोडलं, सगळ्या होस्टसाठी नाही, आणि स्क्रिप्टमध्ये एससीपीला डॅश कॅपिटल ओ (-O) लावला, म्हणजे ते जुन्या भाषेत बोलतं आणि आधीचे दुहेरी कोटही तसेच चालतात. रात्री बॅकअप गेला. नवीन नॅसचं कोटेशन सीए साहेबांच्या टेबलावर ठेवलंय, ते म्हणाले मार्च एंड होऊन जाऊ दे, मग बघू.