हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर कळले की त्याला जेट विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागून प्रवासाचा वेळ काढला जातो. अंतर सांगणारी अनेक संकेतस्थळेही साधारण हेच करतात. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे, म्हणजे या हिशेबाने सव्वासहा तासही लागू नयेत. वेळापत्रकात मात्र जाताना सुमारे आठ तास आणि परतताना सुमारे सात तास दिलेले असतात.

हवाई अंतर हे भूमितीचे माप आहे. पृथ्वी जवळजवळ गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग हा पृथ्वीच्या केंद्राभोवती कल्पिलेल्या वर्तुळाचा कंस असतो, आणि सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारे विमान ग्रीनलंडच्या बाजूने जाते, तेव्हा ते वळसा घेत नसून जवळची वाटच धरत असते. हे अंतर ऋतूप्रमाणे किंवा दिशेप्रमाणे बदलत नाही.

वेळ मात्र बदलतो, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण वारा हे आहे. मध्यम अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो आणि हिवाळ्यात तो अधिक जोरकस होतो. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत जवळपास ठरलेला असतो. जमिनीच्या तुलनेत तो वाऱ्यानुसार वाढतो किंवा घटतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या साथीने ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हा प्रवास ५ तासांहूनही कमी वेळात केला, आणि तोही ध्वनीचा वेग न ओलांडता. म्हणूनच वैमानिक कित्येकदा नकाशावरचा जवळचा मार्ग सोडून वाऱ्याला अनुकूल असा लांबचा मार्ग घेतात, आणि माझ्या मते अंतर व वेळ यांतला फरक इथेच सर्वांत स्वच्छ दिसतो: लांबची वाट लवकर संपते.

कधी कारण राजकीयही असते. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर असून २०२२ पूर्वी सायबेरियावरून जाणारे विमान ते साडेनऊ तासांच्या आसपास कापत असे. रशियाचे आकाश बंद झाल्यावर फिनलंडच्या विमानांना उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून जावे लागू लागले आणि हाच प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. शहरे जागची हलली नाहीत आणि त्यांच्यातील हवाई अंतरही तेच राहिले.

शिवाय वेळापत्रकातील वेळ हा निव्वळ उड्डाणाचा वेळ नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा काळ त्यात मोजला जातो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या यांसाठी कंपन्या थोडी जास्तीची मिनिटेही धरतात.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे वेगळेच. लंडनहून सकाळी ११ वाजता निघून आठ तासांनी न्यूयॉर्कला पोहोचणाऱ्या प्रवाशाला तिथे दुपारचे २ वाजलेले दिसतात, कारण न्यूयॉर्कचे घड्याळ बहुतेक काळ पाच तास मागे असते. म्हणून दोन वेळांची वजाबाकी करण्याआधी त्या एकाच शहराच्या घड्याळात आणाव्या लागतात. वाटेत विमान बदलायचे असल्यास मधल्या विमानतळावरचे तासही धरावेत. ते उड्डाणात मोजले जात नसले तरी प्रवासात मोजलेच जातात.