सूर्यमालेचं मॉडेल: आकार खरा दाखवायचा की अंतर?

सूर्यमाला मुलांना दाखवायला बसलं की पहिली अडचण मापाची येते. पृथ्वीचा व्यास १२,७५६ किमी आणि सूर्यापासून तिचं अंतर सुमारे १५ कोटी किमी. हे अंतर कागदावर २० सेंटीमीटर धरलं, तर पृथ्वी ०.०१७ मिलिमीटरची निघते. एवढं बारीक टिंब पेन्सिलीने उमटत नाही. म्हणजे आकार किंवा अंतर, यातलं एक सोडावंच लागतं. तक्त्यांवरची चित्रं दोन्ही सोडतात आणि तसं कुठे सांगतही नाहीत. गेली तीनशे वर्षं मॉडेल करणारे याच पेचाशी झगडत आले आहेत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीने दातेरी चाकांवर फिरणारी पृथ्वी आणि चंद्र बनवले. जॉन रोली याने १७१२-१३च्या सुमारास तसंच यंत्र अर्ल ऑफ ऑरेरी यांच्यासाठी केलं आणि अशा यंत्रांना त्यांचंच नाव पडलं. पुढे ऑरेरी घेऊन गावोगाव व्याख्यानं होऊ लागली. मधल्या सूर्याच्या जागी दिवा, भोवती वाकून पाहणारी मुलं, असं दृश्य जोसेफ राइट या चित्रकाराने १७६६ मध्ये रंगवलं आहे. ऑरेरीत ग्रहांचे फिरण्याचे काळ एकमेकांच्या प्रमाणात बरोबर असत, आकार आणि अंतरं मात्र टेबलावर मावतील तशी. गती दाखवायला ती उत्तम. माप विचारू नये.

नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावच्या आइसे आइसिंगाने दुसरा मार्ग धरला. हा लोकर विंचरण्याचा धंदा करणारा माणूस. मे १७७४ मध्ये बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि चंद्र मेष राशीत एकत्र आले, तेव्हा पृथ्वी कक्षेबाहेर फेकली जाईल अशा अर्थाचं भाकीत छापून आलं होतं आणि लोक धास्तावले होते. आइसिंगाने त्याच वर्षी घराच्या बैठकीच्या खोलीत काम सुरू केलं आणि १७८१ मध्ये संपवलं. छतावर सूर्य, त्याभोवती शनीपर्यंतचे सहा ग्रह. माप १ मिलिमीटरला १० लाख किमी, म्हणून पृथ्वी सूर्यापासून १५ सेंटीमीटरवर आणि शनी सुमारे १.४ मीटरवर. छताच्या वर लाकडी चाकं, दात्यांच्या जागी हाताने घडवलेले हजारो खिळे, आणि सगळ्याला गती देणारं एकच लंबकाचं घड्याळ. ग्रह खऱ्या काळात फिरतात, त्यामुळे शनीला एका फेरीला २९ वर्षं लागतात.

इथे अंतर खरं आहे, आकार नाही. त्या मापात गुरूसुद्धा ०.१४ मिलिमीटरचा झाला असता आणि खालून कुणालाच दिसला नसता. छताची मर्यादाही लगेच उघडी पडली. मार्च १७८१ मध्ये विल्यम हर्शेलने युरेनस शोधला. या मापाने तो सूर्यापासून २.९ मीटरवर जातो आणि खोलीत मावत नाही. हे तारांगण अजून चालू आहे. २०२३ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याला यातलं काहीच पटत नव्हतं. ऑरेरी हे पोरकट खेळणं आहे आणि कागदावरची वर्तुळं पाहून योग्य कल्पना येणं शक्य नाही, असं त्याने १८३३च्या आपल्या खगोलशास्त्राच्या ग्रंथात सरळ लिहिलं. त्याचा उपाय असा: सपाट मैदान घ्या, मध्ये दोन फुटी गोल ठेवा म्हणजे सूर्य, ८२ फुटांवर मोहरीचा दाणा म्हणजे बुध, १४२ फुटांवर वाटाणा म्हणजे शुक्र, २१५ फुटांवर तसाच वाटाणा म्हणजे पृथ्वी. मंगळ टाचणीचं डोकं, गुरू मध्यम संत्रं, तेही जवळजवळ पाव मैलावर. आकार आणि अंतर दोन्ही एकाच मापात बसले, पण फिरणं गेलं.

मराठीत नवी सूर्यमाला सांगण्याचा प्रयत्नही याच दशकातला. भोपाळजवळच्या सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठशाळेशी संबंधित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये मराठीत पुस्तक लिहून पुराणांतलं विश्व, जुन्या ज्योतिषगणिताच्या सिद्धांतग्रंथांतलं गणित आणि सूर्य मध्ये मानणारी कोपर्निकसची मांडणी शेजारी शेजारी ठेवली. नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू मोजणाऱ्या वाचकाला हे सोपं नव्हतं.

विसाव्या शतकातली प्रोजेक्टरची तारांगणं वेगळ्या कामाची. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये १९२३ साली झाइस कंपनीचा प्रोजेक्टर पहिल्यांदा चालला. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलचं तारांगण १९५४चं, मुंबईचं नेहरू तारांगण १९७७चं. पृथ्वीवरून आकाश कसं दिसतं ते तिथे उत्तम कळतं. पण ग्रह किती लांब आहेत हे घुमटावर कळत नाही.

त्यामुळे शाळेत हर्शेलचीच रीत पुन्हा वापरात आली, फक्त माप सोयीचं झालं: १० अब्जास १. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरचं २००१चं मॉडेल याच मापाचं आहे. सूर्य १४ सेंटीमीटरचा, म्हणजे लहान पपनस. पृथ्वी आणि शुक्र राजगिऱ्याचे दाणे (सव्वा मिलिमीटर), मंगळ खसखशीचा बारीक दाणा, बुध रव्याचा कण. गुरूला १४ मिलिमीटरची गोटी, शनीला १२ मिलिमीटरची, युरेनस आणि नेपच्यूनला काळी मिरी. सूर्यापासून अंतरं अशी: बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५० मीटर. सर्वात जवळचा तारा ४,००० किमीवर, मुंबईहून साधारण सिंगापूरला.

अंतर पावलांनी मोजू नये. मुलांची पावलं सारखी नसतात आणि गुरूपर्यंत जाता जाता दहा-दहा मीटरची चूक होते. दहा मीटरची सुतळी बरी, नायलॉनची ताणली जाते. राजगिरा काळ्या कार्डावर चिकटवावा, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला पृथ्वी जाते. सगळे ग्रह एका रांगेत मांडले की मुलं ते कायम रांगेत असतात असं धरून चालतात, म्हणून निदान मंगळापर्यंतचे वेगवेगळ्या दिशांना ठेवावेत. आणि पृथ्वीची कक्षा तक्त्यावरच्यासारखी चपटी काढू नये. १५ मीटरच्या त्रिज्येत सूर्य मध्यबिंदूपासून जेमतेम २५ सेंटीमीटर सरकलेला असतो. चपटं चित्र पाहिलेलं मूल उन्हाळा सूर्य जवळ आल्याने होतो असंच सांगतं, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना.

हर्शेलने सोडलेली गती उत्तर आयर्लंडच्या आर्मा वेधशाळेने २००४ मध्ये परत आणली. तिथल्या मानवी ऑरेरीत जमिनीवर कक्षा आखल्या आहेत आणि ग्रह म्हणून माणसंच चालतात. एक पाऊल म्हणजे १६ दिवस. शाळेच्या पटांगणात हे खडूने होतं. त्रिज्या शुक्राला १.४४ मीटर, पृथ्वीला २, मंगळाला ३.०४. त्या वर्तुळांचे अनुक्रमे १४, २३ आणि ४३ भाग करावेत. खुणांमधलं सरळ अंतर साधारण ६४, ५४ आणि ४४ सेंटीमीटर येतं. टाळीला सगळ्यांनी एकेक खूण पुढे जायचं, घड्याळाच्या उलट दिशेने. बुधाच्या एका फेरीला साडेपाच पावलं लागतात, त्यामुळे पहिल्या वेळी तो वगळलेला बरा.

पृथ्वीवरच्या मुलाला त्याच्याच वर्तुळावर, चालण्याच्या दिशेने मंगळाच्या चार-पाच खुणा मागे उभं करावं आणि मंगळाकडे बोट धरून चालायला सांगावं. बोट कुठे जातं ते लांबच्या झाडांवर किंवा इमारतींवर पाहायचं. कंपाउंडची भिंत जवळ असेल तर फसगत होते, कारण चालणाऱ्याबरोबर तीही सरकल्यासारखी वाटते. बोट एरवी डावीकडे सरकत राहतं. पृथ्वी मंगळाला मागे टाकते त्या सुमारास चार-पाच टाळ्या ते उजवीकडे जातं आणि पुन्हा डावीकडे वळतं. पंचांगात मंगळ वक्री लिहिलेला असतो तो याच दिवसांत.